मध्यरात्रीचे टपाल

वर्धा शहरापासून ८ किलोमीटरांवर वसलेल्या सेवाग्रामचे पूर्वीचे नाव सेगाव असे होते. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहावयास गेले आणि त्या लहानशा खेड्याकडे देशोदेशींच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. परंतु मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव नावाचे दुसरे प्रसिद्ध गाव आहे. नावांतील या साम्यामुळे सेगावची पत्रे शेगावला जाऊन पडत. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० साली सेगावचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. पत्र ठरल्या जागी व वेळेवर पोचणे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

त्या काळी वर्ध्याचे सारे टपाल आगगाडीने येई व आगगाडीनेच जाई. वर्धा हे लोहमार्गांचे मोठे नाके आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा मार्ग आणि दिल्लीहून चेन्नईकडे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासकडे, जाणारा मार्ग नागपूर आणि वर्धा यांच्या दरम्यान एकत्र धावतात आणि वर्ध्याजवळ पुन्हा वेगळे होतात. भूमीवरील ही चव्हाट्याची जागा पुढे आकाशातही चव्हाटा बनली. १९४९ ते १९७३ या काळात भारताच्या चार कोपऱ्यांतील चार महानगरांतून निघालेली टपालाची विमाने रोज रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, एकमेकांच्या पिशव्या घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. सारा देश झोपेत असताना त्याच्या मध्यभागी पत्रांचा असा मेळा भरत असे. ती विमाने कोठून आली, ती अंधारात वाट कशी शोधीत आणि नेमके नागपूरच का निवडले गेले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील राइट बंधूंनी यंत्राच्या बळावर माणसाला घेऊन उडणारे पहिले विमान आकाशात नेले. ते पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते आणि विमान जेमतेम १२० फूट पुढे गेले. त्यानंतर आठ वर्षांच्या आतच विमानाने टपाल वाहिले, आणि अभिमानाची गोष्ट अशी की हा प्रयोग प्रथम आपल्या देशात झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी प्रयागला, म्हणजे तेव्हाच्या अलाहाबादला, एक मोठे प्रदर्शन भरले होते. तेथून आन्री पेके नावाच्या २३ वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६,५०० पत्रे घेऊन उड्डाण केले आणि यमुना ओलांडून सुमारे १० किलोमीटरांवरील नैनी येथे ती पोचविली. सरकारी टपालखात्याच्या संमतीने विमानातून पत्रे नेण्याचा हा जगातील पहिला प्रसंग होय. मात्र तो प्रदर्शनातील एक चमत्कार होता. घुंगराची काठी घेऊन रानावनांतून धावणाऱ्या हरकाऱ्याचे काम विमान करील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि मधूनच बंद पडणारे इंजिन असे ते यंत्र होते. वारा थोडा जोराचा असला तर ते जमिनीवरच थांबे.

विमानाला बळ दिले ते युद्धाने. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा विमाने केवळ शत्रूच्या हालचाली पाहण्यासाठी वापरली जात. चार वर्षांनी युद्ध संपले, तोवर त्यांवर मशीनगन बसल्या होत्या, त्यांतून बॉम्ब टाकले जाऊ लागले होते आणि त्यांचा वेग व उडण्याची उंची कितीतरी वाढली होती. या युद्धात ब्रिटिशांच्या हवाई पथकांत मोजके भारतीय तरुण वैमानिक म्हणून लढले. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होते. फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले आणि ३० जून १९१८ रोजी त्यांना मृत्यू आला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी इंद्रलाल रॉय हा १९ वर्षांचा बंगाली तरुण शत्रूची दहा विमाने पाडून धारातीर्थी पडला. नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळाचा आरंभही याच युद्धकाळात, १९१७–१८ च्या सुमारास, झाला. पत्रांसाठी नव्हे, तर ब्रिटिशांच्या लष्करी विमानांसाठी तो करण्यात आला होता.

युद्धानंतर विमानविद्येची ओढ भारतीय तरुणांना लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला; तो भारतात दिला गेलेला पहिला परवाना. पुढे आगाखान यांनी एक बक्षीस लावले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने विमानातून ठरावीक मुदतीत जो भारतीय प्रथम कापील, त्याला ते मिळावयाचे होते. टाटा कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा अवघ्या १७ वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीच्या दिशेने निघाला. मिसर देशातील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाल्यामुळे तो तेथे अडकून पडला होता. टाटांनी आपल्या जवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. त्या प्लगांच्या बळावर अस्पी पुढे गेला आणि बक्षीसही त्यालाच मिळाले! हरलेल्या टाटांनी पुढे देशातील टपालाची हवाई वाहतूक उभी केली आणि जिंकलेले अस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१९३२ चा ऑक्टोबर महिना भारतीय विमानविद्येच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. ८ ऑक्टोबरला भारतीय हवाई दलाची कायद्याने स्थापना झाली आणि १५ ऑक्टोबरला टाटांचे टपालाचे विमान कराचीहून मुंबईस निघाले. लष्करी विमानदल आणि नागरी विमानवाहतूक यांचा जन्म असा एकाच आठवड्याच्या अंतराने झाला. इतकेच नव्हे, तर दोघांचे अंगणही एकच होते. टाटांनी ज्या कराचीतील ड्रिग रोड विमानतळावरून उड्डाण केले, त्याच तळावर १ एप्रिल १९३३ रोजी हवाई दलाची पहिली तुकडी चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली. त्या तुकडीतील सुब्रतो मुखर्जी हे १९५४ साली हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणाचा थाट मात्र फार साधा होता. पस मॉथ नावाचे एकाच इंजिनाचे छोटे विमान, आत एकटा वैमानिक आणि ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो, टपाल. इंग्लंडहून आलेली पत्रे इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंत आणीत. तेथून ती पुढे न्यावयाची होती. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरण्यासाठी विमान उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, वाटेवर दिशा दाखविणारे काही नव्हते. खालची नदी, लोहमार्ग आणि किनारा पाहत वैमानिकाने आपली वाट आपणच ठरवावयाची. दुपारी विमान मुंबईला जुहू येथे समुद्रकाठच्या मोकळ्या मैदानावर उतरले. नेव्हिल व्हिन्सेंट या टाटांच्या सहकाऱ्याने तेथून ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्याला येरवड्यास हलवावा लागे. ही सारी वाहतूक दिवसाउजेडी चाले. सूर्य मावळला की विमान जमिनीवर आणि टपाल पिशवीत पडून राही. रात्रभर धावणारी आगगाडी त्यामुळे पुष्कळदा विमानाला गाठीत असे. एवढ्यासाठी विमानाच्या पत्रावर जादा आकार द्यावयाचा, तर तो व्यापाऱ्यांना व सरकारी कचेऱ्यांनाच परवडे. शेतकऱ्याच्या किंवा गिरणीकामगाराच्या पत्राला पंख फुटण्याची वेळ अजून आली नव्हती.

रात्रीच्या टपालाचा प्रश्न अमेरिकेतही पडला होता. १९२१ च्या फेब्रुवारीत जॅक नाइट नावाच्या वैमानिकाने ऐन थंडीत रात्रभर विमान चालवून टपाल शिकागोपर्यंत पोचविले, तेव्हा वाटेवरील गावकऱ्यांनी त्याला दिशा कळावी म्हणून शेतांत होळ्या पेटविल्या होत्या. अशा होळ्या रोज रात्री कोण पेटविणार? वैमानिकाला अंधारातही आपली स्थिती व दिशा कळेल अशी साधने हवी होती. ती तयार झाली आणि भराभर सुधारली, ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेने.

याच युद्धात डाकोटा हे विमान घरोघर ठाऊक झाले. ते मुळात प्रवाशांसाठी बांधलेले विमान; त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणानंतर बरोबर ३२ वर्षांनी, झाले. अमेरिकी सैन्याला ते इतके पसंत पडले की पुढे एकट्या अमेरिकेत ते दहा हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. दोन इंजिने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २९ मीटर लांबीचे पंख आणि पोटात दोन-अडीच टन ओझे वाहण्याची ताकद. शिवाय कच्च्या मैदानावरही ते उतरे. १९४४ साली जपानी फौजांनी मणिपुरातील इम्फाळला वेढा घातला, तेव्हा आतील सैन्याला तांदूळ, पीठ, औषधे व दारूगोळा विमानांनीच पोचविला आणि परतीच्या खेपेला जखमी सैनिकांना बाहेर काढले. त्या कामात डाकोटांचा वाटा फार मोठा होता. सोनेगावचा तळ या युद्धात लांबच्या प्रवासावर निघालेल्या लष्करी विमानांना विसाव्याचे ठिकाण म्हणून उपयोगी पडला.

युद्ध संपताच ही शेकडो विमाने भारतात रिकामी पडली. ती स्वस्तात विकत मिळू लागली, तेव्हा ठिकठिकाणी नव्या विमान कंपन्या निघाल्या. लष्करातून मोकळे झालेले वैमानिक व यंत्रज्ञही त्यांना मिळाले. जखमींना ठेवण्याच्या जागी खुर्च्या आल्या आणि काडतुसांच्या पेट्यांऐवजी सामानाच्या ट्रंका चढू लागल्या. देशावर संकट आले की हीच विमाने पुन्हा सैन्याच्या मदतीला धावत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या सैनिकांना दिल्लीहून श्रीनगरला नेले ते हवाई दलाच्या आणि खाजगी कंपन्यांच्या डाकोटांनीच. परंतु कंपन्या पुष्कळ झाल्या आणि प्रवासी थोडे, त्यामुळे अनेकींना तोटा सोसावा लागला. दिवसा उडणारी विमाने रात्रभर तळावर उभी राहत होती. त्यांना रात्री काम देता आले तर? त्या वेळी रफी अहमद किडवाई हे केंद्र सरकारात दळणवळण खात्याचे मंत्री होते. टपाल आणि विमानवाहतूक ही दोन्ही कामे त्यांच्याच खात्यात येत. रात्रीची विमाने आणि रोजचे टपाल यांची सांगड घालण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला.

आता विद्यार्थ्यांनी भारताचा नकाशा समोर ठेवावा. मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारी सरळ रेघ ओढावी. मग दिल्ली आणि चेन्नई यांना जोडणारी दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघा नागपूरच्या अगदी जवळ एकमेकींना छेदतात. नागपूरपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईचे पत्र नागपूरमार्गे कोलकात्याला नेले, तरी वाकडी वाट जवळजवळ पडतच नाही. दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या पत्राचेही तसेच. मुंबई–नागपूर ही रेघ नीट पाहिली, तर ती वर्धा जिल्ह्यातून, आर्वी आणि वर्धा यांच्यामधून, जाते असे दिसेल. तेथून नागपूर डाकोटाला पाव तासाच्या अंतरावर राहते.

यात दुसराही एक हिशेब आहे. चार शहरे घेतली तर त्यांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीमध्ये दोन्ही बाजूंनी थेट विमान सोडावयाचे म्हटले, तर रोज रात्री लांब पल्ल्याची बारा उड्डाणे करावी लागतील. त्याऐवजी चारही विमाने मध्यावर एकत्र आणली, तर चारच विमानांत काम भागते. ती चार उड्डाणांनी येतात आणि चार उड्डाणांनी परत जातात. शिवाय प्रत्येक विमान व त्याचा वैमानिक पहाटे आपल्या घरी परत येतो. गणिताच्या वहीत सुचावी तशी ही युक्ती फार साधी आहे. परंतु ती प्रत्यक्षात उतरविणे मुळीच साधे नव्हते.

३० जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीला, रात्रीच्या हवाई टपालाला आरंभ झाला. पहिल्या वर्षी त्यात अडचणी आल्या, काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेले. त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ते हाती घेतले. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. विमानांबरोबर टपालाचा नियमही बदलला होता. १ एप्रिल १९४९ पासून देशातील साधे पत्र विमानाने लवकर पोचणार असेल, तर ते जादा आकार न घेता विमानानेच न्यावे, असे ठरले. हा नियम दिसावयास लहान, पण त्याचा अर्थ फार मोठा होता. पत्र लिहिणाऱ्याने काही मागावयाचे नव्हते, निळी चिठ्ठी चिकटवावयाची नव्हती. त्याने नेहमीचे तिकीट लावून पेटीत टाकलेले पत्र आकाशातून जाणार होते. विमानाच्या सोयीचा लाभ ज्याला स्वतः विमानात बसणे जन्मात परवडणार नव्हते, त्याला प्रथम या मार्गाने मिळाला.

समजा, वर्ध्याच्या एका आईने कोलकात्याच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलाला पत्र लिहिले. वडील आजारी आहेत, लगेच निघून ये, एवढाच मजकूर. तारेला पैसे नाहीत. हे पत्र नुसत्या आगगाडीने गेले तर नागपूरहून हावड्याला पोचावयासच जवळजवळ एक अख्खा दिवस व रात्र जाणार. रात्रीच्या विमानाने मात्र असे होई: पत्र संध्याकाळच्या गाडीने सुमारे ८० किलोमीटरांवरील नागपूरला जावे, तेथे कोलकात्याच्या पिशवीत पडावे, पिशवी सोनेगावला यावी आणि पहाटे ती कोलकात्याला उतरावी. मुलाच्या हाती ते दुसऱ्या दिवशीच पडण्याची आशा धरता येई. आजारी बापाची भेट होणे न होणे कधी कधी या एका दिवसावर अवलंबून असते.

वेळापत्रकाचा विचार करताना चार शहरांची निरनिराळी अंतरे आड येतात. डाकोटा ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाई. सर्व विमानांनी मध्यरात्री बारा वाजता नागपुरास पोचावे असे धरले, तर कोलकात्याच्या विमानाने रात्री सव्वाआठच्या सुमारास निघाले पाहिजे, मद्रासच्या विमानाने पावणेनऊच्या आत, दिल्लीच्या विमानाने त्यानंतर थोड्या वेळाने, आणि मुंबईचे विमान साडेनऊला निघाले तरी चालेल. वाऱ्याची दिशा बदलली की हे सारे आकडे बदलतात. शिवाय येथे एकाचा उशीर हा सर्वांचा उशीर ठरतो. मुंबईचे विमान पावसाने अडले, तर बाकीच्या तिघांपुढे दोनच मार्ग राहतात: ताटकळत थांबावे, किंवा मुंबईच्या पिशव्या न घेता निघावे. थांबले तर तीन शहरांतील सकाळची टपालवाटणी चुकते. निघाले तर मुंबईची पत्रे एक दिवस मागे पडतात.

अंधारात उडणाऱ्या वैमानिकाची खरी अडचण मात्र घड्याळाची नसते. दिवसा त्याला क्षितिज दिसते, त्यामुळे विमान सरळ आहे की कलले आहे हे सहज कळते. रात्री किंवा ढगात क्षितिज नाहीसे होते. अशा वेळी माणसाच्या शरीराची जाणीव त्याला फसविते. विमान एका अंगावर झुकून वळत असताना देखील आत बसलेल्याला आपण अगदी सरळ जात आहोत असे वाटते. म्हणून वैमानिकाने स्वतःच्या जाणिवेपेक्षा यंत्रांवर विश्वास ठेवावयास शिकले पाहिजे. आणि हे शिकणे फार कठीण असते. त्याच्यासमोर कृत्रिम क्षितिज नावाचे एक यंत्र असते. त्यात वेगाने फिरणारे एक चाक बसविलेले असते. जोरात फिरणारा भोवरा जसा ताठ उभा राहतो, तसे हे चाकही विमान कसेही कलले तरी आपली स्थिती सोडीत नाही. त्यामुळे यंत्रातील आडवी रेघ खऱ्या क्षितिजाशी समांतर राहते आणि विमान किती कलले आहे ते दाखविते.

उंची मोजणारे यंत्र हवेच्या दाबावर चालते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंची कळते. परंतु जमिनीवरील हवेचा दाबही रोज सारखा नसतो. वादळी हवेत तो उतरतो. तेव्हा नागपूरजवळ येताच तेथील दाब किती आहे हे विमानतळाकडून बिनतारी संदेशाने विचारून यंत्र जुळवून घ्यावे लागे. तसे केले नाही, तर यंत्र जमिनीपासून पाचशे फूट उंची दाखवील आणि प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळ कमी असेल. दिशेसाठी होकायंत्र असेच, पण त्याखेरीज रेडिओ होकायंत्रही असे. विमानतळावरून रेडिओलहरी सोडल्या जात आणि या यंत्राचा काटा त्या लहरींच्या उगमाकडे वळे. काटा समोर ठेवून चालत राहिले की अंधारातही विमान तळावर येऊन पोचे. मात्र आकाशात विजा चमकू लागल्या, की तो बिचारा काटा विजेकडेही धाव घेई! आणि जून ते सप्टेंबर या काळात विदर्भाच्या आकाशात विजांना काय तोटा?

आजची जेट विमाने पावसाळी ढगांच्या पुष्कळ वरून जातात. डाकोटाला ते शक्य नव्हते. उंचावर हवा विरळ होते व श्वास कोंडतो. आजच्या विमानांच्या आत हवा दाबून भरलेली असते, तशी सोय डाकोटात नव्हती. म्हणून त्याला साधारणपणे दहा हजार फुटांच्या आतबाहेरच, म्हणजे नेमके ढगांच्या गर्दीतून, जावे लागे. उतरताना धावपट्टीच्या दोन्ही कडांना दिव्यांची रांग लागे. ज्या तळांवर विजेच्या दिव्यांची सोय नसे, तेथे रॉकेलचे पलिते ओळीने मांडून पेटवीत. वरून पाहणाऱ्याला ती दिवाळीच्या पणत्यांची ओळ वाटावी. पण त्या दोन ओळींच्या मधोमध चाके टेकली नाहीत, तर सारेच संपले.

या मार्गावर असा प्रसंग ओढवलाही. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे जाणारे टपालाचे विमान सोनेगावहून वर चढताच थोड्या वेळात कोसळले आणि पेटले. त्यातील १३ जण मृत्युमुखी पडले. एकटा विमानाचा मुख्य वैमानिक वाचला. मृतांमध्ये कामगारांचे पुढारी व लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री हे होते. टपालाच्या विमानात काही प्रवासीही घेतले जात. रात्रीचे भाडे दिवसापेक्षा कमी असल्यामुळे पुष्कळजण ही गैरसोय पत्करीत. अपघातानंतरही विमाने थांबली नाहीत. जे वैमानिक, बिनतारी कर्मचारी आणि यंत्रज्ञ त्यापुढे विमान घेऊन निघाले, त्यांना त्या रात्रीची आठवण नसेल असे म्हणता येणार नाही. आपण सकाळी दारात पडलेले पत्र उचलतो, तेव्हा ते येथवर कोणी आणले याचा विचार सहसा करीत नाही. पाकिटावर टपालखात्याचा शिक्का असतो, वैमानिकाचे नाव नसते.

१९५३ साली सोनेगावला प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. तीत उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान आणि विमाने पाहावयास येणाऱ्यांसाठी सज्जाही होता. इतर विमानतळ रात्री सुनसान होत, तेव्हा नागपूरचा तळ जागा होई. एकामागून एक चार दिशांनी दिवे दिसू लागत, इंजिनांची घरघर जवळ येई, विमाने शेजारी शेजारी उभी राहत. मग पिशव्यांची देवघेव सुरू होई. मुंबईच्या विमानातून उतरलेल्या पिशव्यांचे तीन वाटे होत: एक दिल्लीसाठी, एक कोलकात्यासाठी, एक मद्राससाठी, तसेच इतर तीन विमानांचे. नागपूरहून व आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या पिशव्या त्यांत मिसळत. मद्रासची पिशवी चुकून दिल्लीच्या विमानात गेली, तर ती हजारभर किलोमीटर उलट्या दिशेला जाणार. म्हणून प्रत्येक पिशवीवरील चिठ्ठी दिव्याखाली वाचून, नोंद करूनच ती आत जाई. विमानांत पेट्रोल भरले जाई, इंजिने तपासली जात, वैमानिक हवामानखात्याचा कागद वाचीत आणि पुढच्या वाटेवर ढग कोठे आहेत याची चौकशी करीत. मग एकेक विमान पुन्हा अंधारात नाहीसे होई.

डाकोटांच्या मागून चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने या मार्गावर आली. पुढे महानगरांमध्ये वेगवान विमाने दिवसभर ये-जा करू लागली. मुंबईहून दिल्लीला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी विमान मिळू लागल्यावर तिचे पत्र रात्री नागपूरला आणण्याची गरज उरली नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये, जवळजवळ पंचवीस वर्षे चाललेला हा मेळा बंद झाला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील मेम्फिस या शहरी एका खाजगी कंपनीने नेमक्या याच पद्धतीचा अवलंब केला. निरनिराळ्या शहरांतून निघालेली १४ छोटी विमाने रात्री मेम्फिसला एकत्र यावयाची, पार्सलांची अदलाबदल करावयाची आणि पहाटेपूर्वी परत जावयाचे. पहिल्या रात्री त्यांनी १८६ पार्सले वाहिली. आता ही पद्धत जगभर पार्सलांच्या वाहतुकीत रूढ झाली आहे.

सोनेगावच्या विमानतळाला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. हवाई दलाची विमाने आणि प्रवाशांची विमाने तेथे एकाच धावपट्टीवर उतरतात.